आंबा दोन महिने, समूह बारा महिने: हापूस बागायतदारांसाठी ग्राहकांचा ऑनलाइन समूह उभा करण्याची रीत

वाशीच्या मार्केटला पेट्या धाडायच्या आणि दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईपर्यंत भावाचा अंदाज बांधत बसायचं, हे चक्र मोडून थेट पुण्या-मुंबईच्या घरात आंबा पोचवणारे बागायतदार आता रत्नागिरी, राजापूर, देवगड, वेंगुर्ल्याकडे गावोगावी भेटतात. अशांच्या मोबाइलमध्ये 'फलाणा मँगो ग्रुप' असतोच. मार्चमध्ये त्यावर दर पडतात, एप्रिलमध्ये 'उद्या गाडी निघेल'चे मेसेज येतात, मे संपला की सगळं चिडीचूप. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा दर पडतात तेव्हा निम्म्या लोकांना हा ग्रुप कोणाचा, हेच आठवत नाही.

ग्राहकांचा समूह आंबा नसतानाच बांधला जातो, असं माझं ठाम मत आहे. हंगामात तुम्हालाही वेळ नसतो आणि ग्राहकालाही फक्त पेटीशी मतलब असतो. जून ते फेब्रुवारी या रिकाम्या वाटणाऱ्या काळात तुम्ही बागेतलं खरंखुरं काही सांगत राहिलात, तर मार्चमध्ये दर जाहीर करताना घासाघीस होत नाही. ही रीत मी हापूसच्या बागेसाठी लिहितो आहे, कारण तो धंदा मला जवळून ठाऊक आहे. काजूगर, कोकम, घरगुती मसाले विकणाऱ्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

पहिलं काम: वही उघडा

ॲपला हात लावण्याआधी मागच्या दोन हंगामांच्या ऑर्डरची वही, जुने मेसेज आणि कुरियरच्या पावत्या घेऊन बसा. गुगल शीटवर एक साधी यादी करा. रकाने एवढेच: नाव, मोबाइल, राहण्याचा भाग किंवा सोसायटी, किती डझन घेतले, कोणत्या महिन्यात, काही तक्रार होती का, आणि कोणाच्या सांगण्यावरून आले. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. तो नक्की ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

या यादीतून ज्यांनी एकाहून अधिक वेळा घेतलं आणि ज्यांच्याशी तुमचं दोन वाक्यं बोलणं झालं आहे, अशी चाळीस-पन्नास नावं निवडा. सुरुवात यांच्यापासून. फोनबुकातले सगळे नंबर एका झटक्यात ग्रुपमध्ये टाकले की पहिल्याच दिवशी 'अमुक यांनी ग्रुप सोडला' अशी रांग लागते आणि जे थांबणार होते त्यांनाही उठून जावंसं वाटतं. शिवाय विचारल्याशिवाय कोणाला ग्रुपमध्ये ओढणं हे रीतीला धरून नाही. वैयक्तिक माहिती संमतीने वापरावी असं सांगणारा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही २०२३ मध्ये आला आहे. ग्राहकाने पेटी पोचवण्यासाठी दिलेला नंबर तेवढ्यासाठीच दिलेला असतो, हे धरून चालावं.

कोणती जागा कशासाठी

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, टेलिग्राम सगळीकडे एकदम दुकान मांडायचा मोह टाळा. एका कुटुंबाला एकच जागा नीट सांभाळता येते. पेटी घेणाऱ्यांत पन्नाशी-साठीच्या काका-काकू भरपूर असतात आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरच असतात, त्यामुळे मुख्य जागा तीच. इन्स्टाग्राम ठेवा, पण अनोळखी माणसाला तुमची बाग दिसावी एवढ्यापुरतं. तिथे आलेल्याला पुढे व्हॉट्सअ‍ॅपकडे वळवायचं.

व्हॉट्सअ‍ॅपमध्येही चार वेगळ्या सोयी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की घोटाळा होतो.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात. मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र जातो, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो मिळतो. 'मेसेज आलाच नाही' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

साध्या ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, पण प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. पुण्यातल्या एखाद्या ताईंना अनोळखी माणसाचा 'हाय' आला की त्या पुन्हा तुमच्याकडे फिरकणार नाहीत. दुसरा आंबेवाला ग्रुपमध्ये शिरून सगळे नंबर उचलून नेतो, हेही दर हंगामात घडतं.

चॅनेल ही जाहीर पाटी. कोणीही फॉलो करावं, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही, पण ग्राहकाला उलट बोलता येत नाही. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ पासून आहे. बाग मोठी आणि ओळख दूरवर असेल तरच तिचा उपयोग.

कम्युनिटी ही आपल्या कामाची. ती तयार केली की घोषणांचा एक ग्रुप आपोआप बनतो. त्यात फक्त ॲडमिन लिहितात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. त्याच कम्युनिटीखाली तुम्हाला आणखी छोटे ग्रुप जोडता येतात. घोषणा सगळ्यांसाठी आणि गप्पा ज्यांना हव्यात त्यांच्यासाठी, अशी विभागणी करता येत असल्यामुळे मी हीच सुचवतो. गप्पांच्या ग्रुपमध्ये मात्र नंबर दिसतात, म्हणून तिथे ज्याने त्याने आपल्या मर्जीने यावं, तुम्ही कोणाला टाकू नये.

एका संध्याकाळची मांडामांड

धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा. घरचा नंबर यात गुंतवू नका. उद्या मुलगा किंवा सून हे काम बघायला लागली तर नंबर तिच्या हाती सोपवता आला पाहिजे. एका फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात. म्हणजे बागेत तुम्ही आणि घरी लॅपटॉपवर दुसरं कोणी, असं एकाच नंबरवरून उत्तर देता येतं.

सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. हे आधी करा, बाकी नंतर. हंगामाच्या मध्यावर नंबर दुसऱ्याच्या हाती गेला तर सगळ्या ग्राहकांकडे तुमच्या नावाने पैसे मागितले जातील.

मग बिझनेस टूल्समध्ये प्रोफाइल भरा: बागेचं नाव, गाव, तालुका, उत्तर देण्याच्या वेळा. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर प्रमाणपत्राचा क्रमांक प्रोफाइलमध्ये लिहा. नसाल तर मानांकनाचं चिन्ह वापरू नका, आधी नोंदणी करून घ्या. साठं (आंब्याच्या रसाची वाळवलेली पोळी), आमसुलं, पन्ह्याचा गर असं काही बाटलीबंद किंवा पॅकबंद विकत असाल तर अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांकही इथेच द्या.

कॅटलॉगमध्ये वजनाच्या प्रतवारीप्रमाणे फळ आणि डझनाप्रमाणे बॉक्स असे वेगवेगळे घाला. फोटो आपल्याच फळाचे. इंटरनेटवरून उचललेला पिवळाधमक आंबा दाखवायचा आणि पेटीत हिरवं, तयार पण कच्चं फळ पाठवायचं, यात ग्राहकाचा विश्वास पहिल्याच दिवशी जातो.

आता नवीन कम्युनिटी तयार करा. नाव साधं ठेवा, बागेचं किंवा वाडीचं. वर्णनात तीन गोष्टी लिहा: आपण कोण, इथे काय मिळेल, ऑर्डर कुठे द्यायची. गप्पांचा ग्रुप जोडताना नवीन सदस्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग करा. आणि घरातला दुसरा माणूस ॲडमिन करून ठेवा, कारण तुमचा फोन एखाद्या दिवशी बागेतल्या पाणंदीत पडणारच.

आमंत्रण

निवडलेल्या चाळीस-पन्नास जणांना एकेकट्याने मेसेज करा. फॉरवर्ड केल्यासारखा नको, नावाने हाक मारून. मसुदा साधारण असा:

'नमस्कार काकू, मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तुमच्याकडे कोथरूडला दोन पेट्या आल्या होत्या, त्या बागेतून लिहितोय. यंदा आमच्या ग्राहकांसाठी एक व्हॉट्सअ‍ॅप समूह करतोय. बागेत काय चाललंय ते महिन्यातून दोन-तीनदा कळवू, आणि बुकिंग उघडलं की तुम्हाला आधी सांगू. तुमचा नंबर बाकीच्यांना दिसणार नाही. यायचं असेल तर खालच्या लिंकवर टिचकी मारा. नको असेल तरी काही हरकत नाही, पेटी नेहमीसारखीच मिळेल.'

शेवटचं वाक्य गाळू नका. नाही म्हणायची मोकळीक दिली की होकार देणारा माणूस मनापासून येतो.

आलेल्यांचं स्वागत नावानिशी करायचं असेल तर ते गप्पांच्या ग्रुपमध्ये, घोषणांच्या ग्रुपमध्ये नाही. पंचवीस स्वागतांनी पंचवीस वेळा फोन वाजला की लोक तो ग्रुप म्यूट करतात, आणि म्यूट झालेला ग्रुप पुन्हा उघडायला लावणं फार जड जातं.

नियम चारच

सुप्रभात, सणांच्या शुभेच्छांची चित्रं आणि फॉरवर्ड नकोत. राजकारण आणि धर्म यावर काही नको. दुसऱ्या कशाचीही जाहिरात ॲडमिनला विचारल्याशिवाय नको. कोणाचाही नंबर उचलून त्याला परस्पर मेसेज करायचा नाही. हे वर्णनात लिहा आणि पिन करून ठेवा.

नियम मोडणाऱ्याला आधी खाजगीत सांगायचं, मग पोस्ट काढायची, तिसऱ्यांदा माणूस काढायचा. या बाबतीत भिडेला पडू नका. सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर ॲडमिनचं काय, अशी भीती बऱ्याच जणांना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला अशा मजकुरासाठी जबाबदार धरता येत नाही. तरी तुमच्या ग्रुपमध्ये काय दिसतं यावरून तुमच्या बागेचं नाव ठरतं, म्हणून असला मजकूर दिसला की लगेच काढा.

वर्षभर लिहायचं काय

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. 'आंबा नाही तर सांगू काय?' असं वाटतं. कोकणातल्या माणसाला रोजचं वाटणारं काम शहरातल्या ग्राहकाने कधी पाहिलेलंच नसतं, आणि त्याला ते ऐकायला खरोखर आवडतं.

एक युक्ती फार चालते. बागेतलं एक कलम निवडा, शक्यतो घराजवळचं, आणि दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवर उभं राहून त्याचा फोटो काढा. तेच झाड, तीच बाजू. सहा महिन्यांत ते झाड ग्राहकांच्या ओळखीचं होतं आणि लोक विचारायला लागतात, 'आपल्या कलमाचं काय?'

जून-जुलैत पाऊस, खतं घालण्याचं काम, शेजारच्या मळ्यातली भातलावणी. मे महिन्यात उन्हात वाळवलेलं साठं आणि आमसुलं विकायची असतील तर हीच वेळ, कारण आंबा संपल्याची चुटपुट अजून ताजी असते. श्रावण-भाद्रपदात साफसफाई. बांडगूळ काढताना एक छोटा व्हिडिओ करा. झाडावर दुसरं झाड वाढतं आणि त्याचा रस शोषतं, हे पाहून शहरातली मुलंही गुंगून जातात. ऑक्टोबरात एक महत्त्वाचं सांगायचं असतं: पाऊस लांबला की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं आणि हंगाम पुढे सरकतो. हे तुम्ही ऑक्टोबरातच सांगितलंत, तर गुढीपाडव्याला 'अजून आंबा का नाही?' असं कोणी विचारणार नाही.

थंडी पडली की मोहोराच्या पोस्ट सुरू होतात. डिसेंबरातली एखादी पोस्ट अशी असावी:

'विहिरीजवळच्या कलमाला मोहोर फुटला. पूर्वेकडच्या फांद्या आधी, बाकीचं झाड अजून गप्प आहे. रात्री थंडी चांगली आहे, पण पहाटे धुकं पडतंय, त्यामुळे भुरी रोगाची भीती. या आठवड्यात एक फवारणी करावी लागेल. कशाची केली ते झाल्यावर इथेच लिहितो. फळ किती धरेल हे आज सांगता येत नाही.'

या पाच-सहा ओळींत काहीही विकलेलं नाही. पण फवारणी लपवलेली नाही आणि भरवशाच्या बाताही मारलेल्या नाहीत. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिणाऱ्या दहा जाहिरातींपेक्षा ग्राहक या माणसावर विश्वास ठेवतो. तुडतुडे, फुलकिडे, करपा ही नावं लिहायला कचरू नका. कीड-रोग बागेत असतोच. त्यावर तुम्ही काय करता हे ग्राहकाला कळलं पाहिजे.

जानेवारीत कणी, म्हणजे अगदी बारीक फळ, धरते, मग सुपारीएवढं फळ, मग गळ. फेब्रुवारीत पहिला प्रामाणिक अंदाज द्या: यंदा माल भरपूर, मध्यम की कमी, आणि पहिली तोडणी साधारण केव्हा. त्याच आठवड्यात एक पोल टाका, दोन डझनाचा बॉक्स हवा की पाच डझनाची पेटी. पोलच्या उत्तरावरून पुठ्ठ्याचे बॉक्स किती मागवायचे ते ठरतं, शिवाय बुकिंग उघडण्याआधीच ग्राहक हिशेब करायला लागतो.

घोषणांच्या ग्रुपमध्ये बिगरहंगामात महिन्याला दोन-तीन, हंगामात आठवड्याला दोन पोस्ट पुरे. गप्पांच्या ग्रुपमध्ये लोक आपापसांत बोलू लागले की तुम्ही मागे राहायचं. कोणी आमरसात सुंठ घालावी की जायफळ यावर वाद घालत असतील तर घालू द्या. असे वाद चालू असतात तोवर ग्रुप जिवंत असतो.

बुकिंग

दर जाहीर करायचा तो घोषणांच्या ग्रुपमध्ये, प्रतवारीनुसार, वाहतूक धरून की सोडून ते स्पष्ट लिहून. सगळ्यांना एकच दर. ओळखीच्याला खाजगीत पन्नास रुपये कमी केले की ते त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कळतं आणि बाकीचे सगळे फसवल्यासारखे होतात. जुन्यांचा मान राखायचा असेल तर त्यांना बुकिंग चार दिवस आधी उघडा.

ऑर्डर मात्र ग्रुपमध्ये घ्यायची नाही, खाजगी मेसेजवर घ्यायची. ग्रुपमध्ये 'मला २', 'मलाही', 'आमचे ३ धरा' असं सुरू झालं की निम्म्या ऑर्डरी हरवतात आणि लोकांचे पत्ते चव्हाट्यावर येतात. क्विक रिप्लायमध्ये एक साचा ठेवा: नाव, पिनकोडसह पत्ता, किती डझन, कोणत्या आठवड्यात हवा, घरी घ्यायला कोण असेल. तारीख कबूल करू नका, आठवडा कबूल करा. फळ तयार झाल्याशिवाय तोडायचं नसतं आणि ते झाडाच्या मनावर असतं.

लेबलं लावत चला: नवी ऑर्डर, आगाऊ मिळाले, गाडीत भरलं, पोचलं, तक्रार. रात्री दहा मिनिटं बसून ती शीटशी जुळवायची. पैसे आले की नाही ते बँकेच्या किंवा यूपीआय ॲपमधल्या नोंदीवरून बघा, ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून नाही. खोटे स्क्रीनशॉट बनवणं फार सोपं झालं आहे.

उलट बाजूने ग्राहकही फसतात. बागेचं नाव आणि फोटो चोरून दुसऱ्या नंबरवरून आगाऊ पैसे मागणारे हंगामात उगवतात. म्हणून बुकिंग उघडतानाच एक मेसेज पिन करा: आमचा नंबर हा एकच, यूपीआयवर दिसणारं नाव हे एकच, दुसरीकडून मागणी आली तर पैसे न देता आम्हाला फोन करा. तरी कोणी फसलंच तर त्याला १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायला सांगा. जितक्या लवकर कळवावं तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पेटी पोचल्यावर

फळ पिकवण्याची माहिती प्रत्येक पाठवणीच्या आदल्या दिवशी ग्रुपवर आणि छापील चिठ्ठीवर पेटीतही द्या. पेटी आली त्याच दिवशी उघडा. फळं पेंढ्यावर एका थरात मांडा, घट्ट बंद ठेवू नका. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. रोज एकदा हात फिरवून पिकलेलं फळ बाजूला काढा. तुम्ही कॅल्शियम कार्बाइड वापरत नसाल तर तेही लिहा, आणि फळ पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर आपल्याकडे बंदी आहे हेही लिहा. म्हणजे आंबा हिरवा का आला, याचं उत्तर ग्राहकाला मिळतं.

आता साका. हापूसमधल्या या दोषाने जितके ग्राहक तोडले तितके दराने तोडले नसतील. बाहेरून फळ देखणं, कापल्यावर आत कोयीच्या बाजूला पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. उष्णतेशी याचा संबंध आहे आणि बाहेरून बघून तो ओळखता येत नाही, बागायतदारालाही नाही. हे मार्चमध्येच, तक्रार येण्याआधी, कापलेल्या फळाचा फोटो टाकून समजावून सांगा. त्याच पोस्टमध्ये भरपाईचं धोरण लिहा: साका निघाला तर फोटो काढून पाठवा, तितकी फळं पुढच्या गाडीत किंवा तितके पैसे परत.

तरीही एखाद्या संध्याकाळी गप्पांच्या ग्रुपमध्ये मेसेज येईल: 'दादा, सहा आंबे कापले, तीन आतून पांढरे निघाले. एवढे पैसे घेऊन असा माल?' खाली फोटो, आणि ऐंशी जणांनी तो बघितलेला.

पोस्ट काढून टाकू नका. स्पष्टीकरणाचं भाषणही देऊ नका. तिथेच दोन ओळी लिहा: 'काकू, फोटो बघितला, हा साकाच आहे. बाहेरून आम्हालाही कळत नाही, पण तुमची तीन फळं गेली हे खरं. आत्ताच फोन करतो.' मग खरंच फोन करा, आणि त्याच दिवशी ग्रुपवर परत या: 'काकूंकडे शुक्रवारच्या गाडीतून तीन फळं जादा जातायत. याच तोडणीची पेटी आणखी कोणाकडे गेली असेल आणि साका निघाला, तर मला खाजगीत कळवा.' दुसऱ्या वाक्याने धंद्याचं नुकसान होईल असं वाटतं. होत नाही. जे गप्प बसून पुढच्या वर्षी दुसरीकडे गेले असते ते बोलतात, आणि बघणाऱ्या ऐंशी जणांना कळतं की इथे तक्रारीला वाली आहे.

वाईट बातमीलाही हाच न्याय. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात दाखल झाला, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. मे अखेरच्या ऑर्डरी घेऊन बसलेल्यांची त्रेधा उडाली. अशा वेळी पाऊस पडत असतानाचा बागेचा फोटो, किती माल झाडावर राहिला आहे त्याचा आकडा, आणि पैसे परत कोणत्या दिवसापर्यंत मिळतील ती तारीख, एवढं त्याच दिवशी जाहीर करावं. 'बघू, कळवतो' हा सगळ्यांत महागात पडणारा मेसेज आहे.

नवीन माणसं कुठून

जाहिरातीवर पैसे घालण्याआधी पेटीतली चिठ्ठी वापरा. पिकवण्याच्या माहितीखाली चॅटचा क्यूआर कोड छापा. आंबा खाणारा माणूस त्या क्षणी तुमच्यावर खूश असतो आणि त्याच्या घरी त्याच वेळी पाहुणेही असतात.

दुसरा मार्ग सोसायट्यांचा. मगरपट्ट्यात किंवा डोंबिवलीत जिथे तुमचे चार-पाच ग्राहक आहेत तिथल्या एखाद्या उत्साही ताईंना विचारा: सोसायटीची ऑर्डर एकत्र केली तर वाहतुकीचा खर्च वाचतो, तो सगळ्यांना वाटून देऊ. त्या ताईंना त्यांच्या कष्टाबद्दल पेटी द्यावीशी वाटली तर जरूर द्या, पण उघडपणे. मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने तसं स्पष्ट सांगावं, अशा सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढल्या आहेत. सूचना बाजूला ठेवल्या तरी, लपवलेली फुकट पेटी सोसायटीत लपून राहत नाही.

पणन मंडळाच्या पुण्यातल्या आंबा महोत्सवात गाळा घेत असाल तर तिथे क्यूआर कोडची मोठी पाटी लावा. परदेशी असलेल्या मुलांनाही विसरू नका. न्यू जर्सीहून मुलगा आई-वडिलांसाठी सदाशिव पेठेत पेटी पाठवायला सांगतो, अशा ऑर्डरी बऱ्याच असतात. पेटी आईच्या हातात पडल्याचा फोटो, तिची परवानगी घेऊन, त्याला पाठवला की तो पुढच्या वर्षी तुम्हालाच शोधत येतो. हा फोटो ग्रुपवर टाकायचा असेल तर वेगळी परवानगी घ्या.

हंगाम संपताना

शेवटची गाडी गेली की आठवड्याच्या आत हिशेब मिटवा. कोणाचे पैसे परत द्यायचे असतील ते द्या, राहिलेली फळं किंवा भरपाई द्या, आणि मग घोषणांच्या ग्रुपवर लिहा की यंदाचं बुकिंग संपलं. त्यासोबत एकच प्रश्न विचारा: पुढच्या वर्षी आम्ही काय वेगळं करावं? उत्तरं खाजगीत मागवा, ग्रुपवर लोक भीड ठेवून लिहितात.

मग शीट उघडा. समूह किती मोठा झाला याला फारसा अर्थ नाही. मागच्या वर्षी घेतलेल्यांपैकी यंदा पुन्हा किती जणांनी घेतलं, हा आकडा दर वर्षी लिहून ठेवा. तक्रार केलेल्यांपैकी किती परत आले, तोही. समूह कामाचा आहे की नाही ते या दोन आकड्यांवरून दिसतं.

यादीत काही जण असतील ज्यांनी दोन वर्षं एकही पेटी घेतली नाही, नुसत्या पोस्ट वाचल्या. यादी स्वच्छ करायची म्हणून त्यांना काढू नका. 'कोणाच्या सांगण्यावरून आले' हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. त्यातली दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा दिसतात, आणि ती बऱ्याचदा स्वतः कमी घेणाऱ्यांची असतात: मधुमेहामुळे आंबा बंद झालेले एखादे निवृत्त काका, परगावी बदली झालेली एखादी शिक्षिका. मार्चमध्ये पहिल्या तोडणीचा दोन डझनाचा एकेक बॉक्स कोणाच्या घरी धाडायचा, ते या रकान्यावरून आत्ताच ठरवून ठेवा.